काशिनोझाकी

काशिनोझाकी : जपानच्या वाकायामा प्रांतातील किइ-ओशिमा बेटाचे पूर्वेकडील भूशिर. हे बेट होन्शूच्या अगदी दक्षिण टोकाजवळ, कुशिमोतो गावासमोर आहे. प्रशासनदृष्ट्या ते कुशिमोतोतच मोडते. भूशिरावरील १८७० मधील दगडी दीपगृह आणि १८९० मध्ये येथील खडकांवर वादळात फुटलेली ‘एर्तूरुल’ ही तुर्की युद्धनौका यांमुळे हे ठिकाण प्रसिद्ध आहे.

भूशिराचे कडे सरळ समुद्रात उतरतात. पायथ्याशी अर्धवट बुडालेल्या खडकांची रांग असून भरतीच्या वेळी ती दिसत नाही. कुरोशिओ हा उष्ण सागरी प्रवाह किनाऱ्याजवळून वाहतो. ऑगस्ट ते ऑक्टोबर हा टायफून वादळांचा हंगाम असतो. योकोहामाहून कोबेला जाणाऱ्या जहाजांना किइ द्वीपकल्पाला वळसा घालावाच लागतो. त्यामुळे वर्दळीचा जलमार्ग आणि धोक्याचे खडक येथे शेजारी शेजारी आले आहेत. १८६६ च्या करारान्वये परकीय जहाजांच्या सोयीसाठी जी आठ दीपगृहे बांधण्याचे जपानने मान्य केले, त्यांत काशिनोझाकीचा समावेश होता. ब्रिटिश अभियंता रिचर्ड हेन्री ब्रंटन याने ते उभारले. जपानमधील अद्याप उभ्या असलेल्या दगडी दीपगृहांत ते सर्वांत जुने मानतात.

नौका व तिची सफर : ‘एर्तूरुल’ ही शिडे आणि वाफेचे इंजिन अशी दोन्ही साधने असलेली लाकडी फ्रिगेट नौका. इस्तंबूलच्या गोदीत बांधलेली ही नौका १८६३ मध्ये पाण्यात उतरली. १८८७ मध्ये जपानचे राजपुत्र कोमात्सू यांनी इस्तंबूलला भेट दिली होती. त्या भेटीची परतफेड करावी आणि सम्राट मेइजी यांना ऑटोमन सन्मानचिन्ह अर्पण करावे, यासाठी सुलतान दुसरा अब्दुल हमीद याने तिला जपानला धाडले. खलिफा या नात्याने सुलतानाचे निशाण हिंदी महासागरातील मुसलमान समाजांना दिसावे, हाही एक हेतू होता. अली ओस्मान पाशा मोहिमेचा प्रमुख होता आणि नौकेवर सहाशेहून अधिक माणसे होती. १४ जुलै १८८९ रोजी ती निघाली तेव्हा तिचे वय पंचवीस वर्षांहून अधिक होते. नौकेच्या लाकूडकामाची डागडुजी झाली होती, पण इंजिन आणि बॉयलर जुनेच होते. सुएझ कालव्यात ती गाळात रुतली आणि दुरुस्तीसाठी थांबली. एडनहून ऑक्टोबर १८८९ मध्ये ती मुंबईला आली. तेथील मुसलमान रहिवाशांनी तिला पाहण्यासाठी गर्दी केली. सिंगापूरला अनुकूल वाऱ्याची वाट पाहत अनेक महिने गेले. ७ जून १८९० रोजी, म्हणजे जवळजवळ अकरा महिन्यांनी, तिने योकोहामा गाठले.

सन्मानचिन्ह अर्पण झाल्यावर नौकेवर पटकीची साथ पसरली, काही खलाशी दगावले आणि मुक्काम लांबला. वादळांचा हंगाम सरेपर्यंत थांबावे, असा जपानी अधिकाऱ्यांचा सल्ला होता. तरीही १५ सप्टेंबरला नौकेने योकोहामा सोडले.

दुर्घटना : दुसऱ्या दिवशी नौका किइ किनाऱ्यालगत आली, तेव्हा टायफूनने तिला गाठले. वारा समोरून येऊ लागल्याने शिडांचा उपयोग उरला नाही आणि जुन्या इंजिनाचे बळ लाटांपुढे पुरे पडेना. डोलकाठी कोसळली, फळ्यांच्या सांध्यांतून पाणी शिरले आणि ते कोळशाच्या कोठारापर्यंत व भट्ट्यांपर्यंत पोहोचले. दीपगृहाचा उजेड दिसत होता, पण नौका वळवण्याइतकी वाफ उरली नव्हती. १६ सप्टेंबरच्या रात्री ती भूशिराखालील फुनागोरा खडकांवर आदळली. गार पाणी लागताच बॉयलरचा स्फोट होऊन नौकेची शकले झाली. पाचशेहून अधिक माणसे मरण पावली, त्यांत ओस्मान पाशाही होता. ६९ जण वाचले.

बचावकार्य : काही जखमी खलाशी अंधारात कडा चढून उजेडाच्या रोखाने दीपगृहावर पोहोचले. त्यांची भाषा रखवालदारांना कळेना. तेव्हा त्यांनी निरनिराळ्या देशांच्या निशाणांचे पुस्तक पुढे केले. खलाशांनी चांदतारा असलेल्या तांबड्या निशाणावर बोट ठेवले आणि ही माणसे तुर्कस्तानची आहेत, हे उमगले. काशिनो या लहानशा कोळीवाड्यातील लोक रात्रीच कड्याखाली उतरले. गारठलेल्यांना त्यांनी अंगाच्या उबेने तगवले आणि पाठीवर घेऊन वर आणले. वादळी हवेमुळे मासेमारी बंद होती, गावात धान्य तुटपुंजे होते. तरी त्यांनी साठवलेली रताळी काढली, अडीअडचणीसाठी राखलेल्या कोंबड्या कापल्या आणि आपले कपडे दिले. उपचार करणाऱ्या स्थानिक डॉक्टरांनी पुढे तुर्की सरकारकडून मोबदला घेण्यास नकार दिला.

चारच वर्षे आधी, १८८६ मध्ये, याच किनाऱ्याजवळ ‘नॉर्मंटन’ हे ब्रिटिश मालवाहू जहाज बुडाले होते. त्याचा कप्तान व युरोपीय खलाशी होड्यांतून वाचले, मात्र सर्व २५ जपानी प्रवासी बुडाले. त्यामुळे देशभर संताप उसळला होता. त्या पार्श्वभूमीवर काशिनोच्या गावकऱ्यांची वागणूक विशेष ठरते.

परिणाम : वाचलेल्यांना कोबे येथे उपचारासाठी नेण्यात आले. ‘हिएइ’ व ‘कोंगो’ या जपानी युद्धनौकांनी त्यांना २ जानेवारी १८९१ रोजी इस्तंबूलला पोहोचवले. यामादा तोराजिरो या जपानी तरुणाने मृतांच्या कुटुंबीयांसाठी वर्गणी गोळा केली आणि १८९२ मध्ये ती स्वतः इस्तंबूलला नेऊन दिली. १९८५ मध्ये इराण-इराक युद्धाच्या वेळी तेहरानमध्ये अडकलेल्या दोनशेहून अधिक जपानी नागरिकांना तुर्की विमानांनी बाहेर काढले. या मदतीचा संबंध दोन्ही देशांत ‘एर्तूरुल’च्या आठवणीशी जोडला जातो.

अवशेष व स्मारके : सापडलेले मृतदेह भूशिरावर पुरण्यात आले. सध्याचे स्मारक तुर्की प्रजासत्ताकाने १९३७ मध्ये उभारले. जवळचे तुर्की संग्रहालय १९७४ मध्ये सुरू झाले. येथे घोड्यावर स्वार झालेल्या केमाल आतातुर्क यांचा पुतळाही आहे. २००७ पासून तुफान तुरानली यांच्या नेतृत्वाखाली सागरी पुरातत्त्वीय उत्खनन झाले. त्यात हजारो वस्तू मिळाल्या. खलाशांच्या जेवणाचे तांब्याचे मोठे पातेलेही त्यांत आहे. समुद्रातून काढलेल्या वस्तूंतील क्षार हळूहळू उतरवण्याचे काम कुशिमोतोतच करण्यात आले. १९९९ मध्ये पूल झाल्यापासून बेटावर रस्त्याने जाता येते. दर पाच वर्षांनी येथे जपान व तुर्कस्तान यांचा संयुक्त स्मृतिसमारंभ होतो.