आगरी-कोळी गीते (ठाणे, कल्याण-डोंबिवली)

ठाणे, भिवंडी, कल्याण आणि डोंबिवलीच्या खाडीपट्ट्यात लग्नात, सणाला व देवीच्या जत्रेत गायली जाणारी लोकगीते. आगर म्हणजे मिठागर. मीठ आणि भात पिकवणारे आगरी, मासेमारी करणारे कोळी. बोली जवळची, कार्ल्याच्या एकवीरेवर दोघांचीही श्रद्धा, त्यामुळे गाण्यांची सरमिसळ जुनीच.

या परंपरेतला सर्वांत जुना आणि मोलाचा ऐवज म्हणजे धवला, लग्नविधीचे गाणे. महानुभाव पंथातील महदंबेने तेराव्या शतकात गोविंदप्रभूंच्या विवाहाच्या निमित्ताने धवळे रचले. म्हणजे लग्नातल्या या गीतप्रकाराचा माग मराठीत किमान सातशे वर्षे मागे जातो. आगरी लग्नात धवला गाते ती धवलारीण. तिला नुसती गायिका म्हणणे अपुरे आहे. जुन्या पद्धतीच्या लग्नात भटजीच्या जागी तीच असे. मांडव, हळद, लग्न, प्रत्येक विधीचे गाणे वेगळे आणि कशानंतर काय हे तिला तोंडपाठ. वाद्याची साथ नाही, पोथी नाही. तिने ओळ टाकायची आणि भोवती बसलेल्या बायांनी ती उचलायची.

लोकगाणे ध्वनिमुद्रिकेवर कसे आले, हे तुलना करून पाहण्याजोगे आहे. अमेरिकेतील कंट्री संगीताच्या इतिहासात १९२७ सालची ब्रिस्टल येथील ध्वनिमुद्रणे मोठी घटना मानली जाते. ध्वनिमुद्रिका कंपनीचा माणूस यंत्र घेऊन डोंगराळ मुलखात गेला आणि कार्टर कुटुंब व जिमी रॉजर्स देशाला माहीत झाले. आपल्याकडे उलटे घडले. यंत्र गावात येण्याऐवजी गाणेच मुंबईच्या स्टुडिओत गेले आणि सुरुवातीला पुष्कळदा दुसऱ्यांच्या गळ्यातून बाहेर पडले. ‘मी डोलकर’ हे घरोघरी पोहोचलेले कोळीगीत शांता शेळके यांनी लिहिले, हृदयनाथ मंगेशकरांनी त्याला चाल दिली, आणि लता मंगेशकर व हेमंतकुमार यांनी ते गायले. कवयित्री देशावरची, दोघांतला एक गायक बंगाली! गाणे उत्तम आहे, यात वाद नाही. पण अनेक शहरी मराठी घरांनी कोळीगीत म्हणून आधी ओळखले ते हे. शाहीर विठ्ठल उमप (१९३१–२०१०) यांनी मंचावरून कोळीगीतांना खडा, उघडा आवाज दिला. पुढे कॅसेट स्वस्त झाली आणि वेसावकर मंडळींसारखे कोळीवाड्यातलेच गायक लग्नाच्या मांडवात वाजू लागले.

हळदीच्या रात्रीचा आजचा राजा मात्र बेंजो. कंट्री संगीतातल्या बँजोशी त्याचे नाते नावापुरतेच आहे. आपला बेंजो हा बुलबुलतरंगाचा भाऊबंद, जपानी ताईशोगोतोच्या वंशातला. लांबट पेटी, वर टंकलेखन यंत्रासारख्या कळा, खाली तारा. डाव्या हाताने कळा दाबायच्या, उजव्या हाताने तारा छेडायच्या. ॲम्प्लिफायरला जोडला की त्याचा आवाज ढोल-ताशालाही मागे सारतो. डोंबिवलीशी नाते असलेले दिग्दर्शक रवी जाधव यांनी २०१६ मध्ये ‘बँजो’ हा हिंदी चित्रपट काढला, तो याच वाद्याच्या वादकांवर.

यूट्यूबच्या काळात गाणे परत गावकऱ्यांच्या हाती आले. भिवंडीचे गायक संतोष चौधरी, म्हणजे ‘दादूस’, अंगावरच्या सोन्यामुळे बप्पी लाहिरींशी तुलना झालेले, २०२१ मध्ये ‘बिग बॉस मराठी’च्या तिसऱ्या पर्वात दिसले. त्याआधी, फेब्रुवारी २०१७ मध्ये, डोंबिवलीतील नव्वदावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आगरी युथ फोरम या संस्थेने भरवले होते. ज्या बोलीला शहराने वर्षानुवर्षे विनोदापुरते वापरले, ती बोलणाऱ्यांनी साहित्यिकांचे यजमानपद निभावले. एखाद्या गाण्याच्या लाखोंच्या दृश्यसंख्येपेक्षा या घटनेचे वजन अधिक मानावे लागेल.

ध्वनिमुद्रिका, कॅसेट आणि यूट्यूब या तिन्ही लाटांत चलती झाली ती नाचाच्या गाण्यांची. धवला विधीला बांधलेला, संथ आणि लांब. तो तीन मिनिटांत मावत नाही, म्हणून बाजारात फारसा आला नाही. गावांभोवती इमारती उठल्या, लग्ने सभागृहात गेली, आणि रात्रभर बसून धवला ऐकण्याची सवड उरली नाही. ज्या घरात धवला पाठ असलेली आजी आहे, त्या घराने तो मोबाइलवर पूर्ण मुद्रित करावा. सोबत गावाचे नाव आणि कोणते गाणे कोणत्या विधीचे, हेही तिच्याकडूनच वदवून घ्यावे.