आधारजाळी व पेशीगोलक (ऊती अभियांत्रिकी)

शरीराबाहेर ऊती घडवताना पेशी तीन मितींत वाढवण्याच्या दोन रीती. प्लॅस्टिकच्या बशीत पेशी सपाट पसरतात आणि मूळ गुण हरवून बसतात. कूर्चेच्या पेशी तर कूर्चा तयार करणेच सोडतात. म्हणून त्यांना एकतर आपापसांत बिलगू देतात (पेशीगोलक), नाहीतर सच्छिद्र जाळीवर पेरतात (आधारजाळी).

गोलकांसाठी सर्वांत स्वस्त साधन म्हणजे बशीच्या झाकणाला उलटा टांगलेला पोषकद्रवाचा थेंब. रॉस हॅरिसन यांनी १९०७ मध्ये बेडकाच्या भ्रूणाचे चेतातंतू अशाच थेंबात वाढवले होते. अडचण प्राणवायूची. तो ऊतीत जेमतेम ०.१ ते ०.२ मिमी. झिरपतो, त्यामुळे अर्ध्या मिमी.पेक्षा मोठ्या गोलकाचा गाभा मरू लागतो.

आधारजाळीचे काम निफाडच्या द्राक्षबागेतील मांडवासारखे. मात्र ऊती उभी राहिली की हा मांडव विरून जायला हवा. खरी कसोटी या विरण्याच्या वेगाची आहे. लासलगावच्या कांद्याच्याच वंशातील पातीच्या कांद्यावर अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात प्रयोग झाले (२०२०). पातीतल्या पेशी धुऊन काढल्यावर उरलेल्या समांतर खोबणींत स्नायुपेशी एकाच दिशेने रांगेत वाढल्या. पण पातीचा सांगाडा सेल्युलोजचा, आणि माणसाच्या शरीराला सेल्युलोज पचत नाही. प्रयोगशाळेत तो उत्तम, शरीरात मात्र तसाच राहणार.

रेशमाचे तसे नाही. कोश धुण्याच्या सोड्यात उकळून वरचा डिंक (सेरिसिन) काढतात. निफाडशेजारच्या येवल्यात पैठणीचे रेशीम रंगवण्याआधीही हा डिंक काढावाच लागतो. उरलेले फायब्रॉइन लिथियम ब्रोमाइडच्या द्रावणात विरघळवून, क्षार काढून, गोठवून सुकवले की स्पंज मिळतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत अनुया निसळ व सहकाऱ्यांनी फायब्रॉइनचे सूक्ष्मकण जोडून हाडांसाठी जाळी बनवली (२०१८). ती दाब सोसते आणि सावकाश विरते. हाडाला भरून यायला वेळ लागतो, म्हणून हा सावकाशपणा येथे गुणच ठरतो.

जाळी कितीही उत्तम असली तरी आत रक्तवाहिन्या नेण्याचा प्रश्न सुटलेला नाही. त्यामुळे त्रिमितीय छपाईने बनवलेल्या यकृत-मूत्रपिंडांच्या बातम्या तूर्त सावधपणे वाचाव्यात. गोलकांचा आजचा मोठा उपयोग औषधांच्या तपासणीत आहे. भारतानेही मार्च २०२३ मध्ये नवीन औषधांच्या चाचणी नियमांत दुरुस्ती करून प्राण्यांऐवजी अशा त्रिमितीय पेशीरचनांवरील चाचण्यांना वाव दिला.