‘चंद्रकांता’ आणि वाचकाचा आनंद

देवकीनंदन खत्री (१८६१–१९१३) यांच्या ‘चंद्रकांता’विषयी हिंदी साहित्येतिहासात एक विधान हमखास आढळते : ही कादंबरी वाचण्यासाठी अनेक उर्दू वाचक देवनागरी शिकले. त्यांना तीत नेमके काय गवसले, याची चर्चा मात्र क्वचितच होते.

चकिया-नौगढच्या जंगलांचा ठेका खत्रींकडे होता. तिथल्या पडक्या वास्तूंतून त्यांचे ‘तिलिस्म’ उभे राहिले. नौगढचा राजपुत्र वीरेंद्रसिंह आणि विजयगढची राजकन्या चंद्रकांता यांचे प्रेम, आणि क्रूरसिंहाच्या कारस्थानामुळे चुनारच्या शिवदत्ताशी पेटलेले वैर, हे तिचे कथानक. पण इथले युद्ध तलवारीपेक्षा ऐयारांच्या बटव्यावर अधिक लढले जाते : वेषांतर, बेशुद्धीची भुकटी, शुद्धीवर आणणारा लखलखा. पकडलेल्या ऐयाराला ठार न मारता कैदेत ठेवायचे, हा संकेत. त्यामुळे हरलेला पुन्हा परततो आणि डाव रंगत जातो. ‘चंद्रकांता संतति’चा चोवीस भागांचा विस्तारही अशाच डाव-प्रतिडावांवर पेलला गेला.

आचार्य रामचंद्र शुक्लांनी १९२९च्या आपल्या इतिहासात खत्रींचे वाचक घडवण्याचे श्रेय मान्य केले. परंतु या कादंबऱ्यांना साहित्यकोटीत स्थान दिले नाही. वाचक जमेस धरायचे आणि त्यांना वाचक करणारा आनंद वजा करायचा, असा हा हिशेब. ‘पुढे काय झाले?’ या ओढीने कुणी नवी लिपी गिरवतो, तेव्हा ती ओढ हीदेखील साहित्येतिहासातलीच घटना असते.