सर्पगंधा : औषधी गुण व सुरक्षितता – एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
वनौषधी निसर्गनिर्मित असल्याने निरुपद्रवी असते, असा समज समाजात रूढ आहे. सर्पगंधेचा इतिहास या समजाची मर्यादा स्पष्ट करतो. या वनस्पतीचे गुण आणि तिचे धोके एकाच क्रियेतून उद्भवतात, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

परंपरेकडून प्रयोगशाळेकडे :
सर्पगंधेच्या मुळीचा वापर भारतात निद्रानाश, उन्माद व सर्पदंश यांवर पूर्वापार होत आला. १९३१ मध्ये दिल्ली येथे सलीमुज्जमान सिद्दिकी व रफत हुसेन सिद्दिकी यांनी तिच्यातील अल्कलॉइड वेगळे केले. त्यांपैकी एकास हकीम अजमलखान यांच्या स्मरणार्थ 'अजमलिन' हे नाव मिळाले. त्याच वर्षी गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद व उच्च रक्तदाबावरील तिच्या उपयुक्ततेची नोंद केली. मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये ५० रुग्णांवरील निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि जगाचे लक्ष या मुळीकडे वेधले गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या संशोधकांनी 'रेसर्पिन' वेगळे केले. १९५७ मध्ये डॉ. वकील यांना लास्कर पुरस्कार प्राप्त झाला.

सुरक्षिततेचा प्रश्न :
रेसर्पिन मज्जातंतूंतील नॉरअ‍ॅड्रेनलिन, सेरोटोनिन इत्यादी द्रव्यांचा साठा घटवते. त्यामुळे रक्तदाब उतरतो व मन शांत होते. परंतु त्याच कारणाने सुस्ती, नाक चोंदणे, नाडी मंदावणे असे त्रासही उद्भवतात. काही रुग्णांत नैराश्याच्या नोंदी झाल्या. पुढील परीक्षणांत या संबंधाविषयी मतभेद राहिले, तरी नैराश्याच्या रुग्णास हे औषध वर्ज्य मानले जाते. अजमलिनचा परिणाम हृदयाच्या ठोक्यांच्या लयीवर होतो. मुळीतील अल्कलॉइडांचे प्रमाण स्थळ व वयानुसार बदलत असल्याने चूर्णाची एकच मात्रा प्रत्येक वेळी सारखी ठरत नाही. म्हणून रक्तदाबाची इतर औषधे चालू असताना वैद्यकीय सल्ल्याविना तिचे सेवन धोक्याचे आहे.

समारोप :
मुळीसाठी संपूर्ण झाड उपटावे लागत असल्याने सर्पगंधेचे अस्तित्वही संकटात आले. १९९० मध्ये तिचा समावेश 'साइट्स' कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात झाला. परंपरेने गुण दाखविला व प्रयोगशाळेने त्याचे कारण सांगितले. मात्र मात्रेचे भान न राखल्यास औषध आणि विष यांतील अंतर फार थोडे उरते.