रंजना : हसवणारी नायिका

रंजना देशमुख ३ मार्च २००० रोजी गेली. पन्नाशीही गाठली नव्हती. खरं तर पडद्यावरून ती आधीच गेली होती. १९८७ साली शूटिंगसाठी बंगळूरला जाताना गाडीला अपघात झाला आणि ती चाकाच्या खुर्चीला खिळली. पुढे 'फक्त एकदाच' या नाटकातून ती रंगमंचावर आली, तेवढंच.

वत्सला देशमुखांची ही मुलगी आणि संध्याची भाची. व्ही. शांताराम यांच्या 'चानी'त (१९७७) आणि अनंत मानेंच्या 'सुशीला'त (१९७८) तिने लोकांना रडवलं. मग 'एक डाव भुताचा' (१९८२), 'गुपचुप गुपचुप' (१९८३) आणि 'बिनकामाचा नवरा' (१९८४) आले, आणि अशोक सराफांसमोर ती तितक्याच ताकदीने उभी राहिली.

आमच्या शहापूर-मुरबाड भागात मुसलमानांच्या घरात मराठी सिनेमा बघतात का, असं मला अजून विचारलं जातं. दूरदर्शनवर रंजनाचा सिनेमा लागला की आमच्या खोलीत अम्मी, खाला आणि शेजारच्या कुणबी काकू दाटीवाटीने बसायच्या. आळशी नवऱ्याला रंजनाने फैलावर घेतलं की सगळ्या तोंडाला पदर लावून हसायच्या. पुरुष खोलीत असले तरी हसायच्या. त्यांना जे घरात बोलता येत नव्हतं, ते ती पडद्यावर ठसक्यात बोलत होती. आणि ती बोलायची ती भाषा आमच्या बाजारातली, आमच्या ओट्यावरची होती.

तिच्या विनोदात वेडीवाकडी तोंडं करणं नव्हतं. ती खरीखुरी चिडायची. हसू यायचं ते समोरच्या पुरुषाच्या फजितीचं.

तिचा अपघात झाला, त्याच्या पुढच्या वर्षी, १९८८ मध्ये, 'अशी ही बनवाबनवी' आला. सिनेमा उत्तमच, मीही अनेकदा पाहिलाय. पण त्यात साडी नेसून आपल्याला सगळ्यांत जास्त हसवलं ते लक्ष्मीकांत बेर्डे आणि सचिनने. पुढच्या अनेक विनोदी चित्रपटांत नायिका गाण्यापुरती उरली. मराठी विनोदाचा सुवर्णकाळ म्हटलं की आपण अशोक, लक्ष्या, सचिन, महेश अशी चार नावं पटापट घेतो. त्या यादीत रंजनाचं नाव नसेल, तर ती यादी अर्धीच आहे. आमच्या घरातल्या बायकांना मोकळं हसायला तिने लावलं होतं.