फोर्ड, कॅप्टन जॉन

दुसरा बाजीराव पेशवा याच्या कवायती पायदळाचा इंग्रज सेनापती. ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास लष्करातील अधिकारी. पेशव्याच्या पगारावर आणि पेशव्याच्या निशाणाखाली उभे राहिलेले हे पायदळ 5 नोव्हेंबर 1817 रोजी खडकीच्या लढाईत पेशव्याविरुद्ध लढले. मराठेशाहीच्या अखेरच्या पर्वातील फोर्डचे महत्त्व मुख्यतः याच घटनेमुळे आहे.

मराठी सरदारांच्या फौजेत युरोपीय अधिकारी असणे ही फोर्डच्या काळी नवी गोष्ट नव्हती. महादजी शिंद्यांनी द बॉयन या सॅव्हॉयच्या सेनानीकडून कवायती कंपू उभे करून घेतले होते. 1796 च्या सुमारास पुण्यात पेशव्याच्या पायदळावर बॉइड हा अमेरिकन आणि टोन हा आयरिश अधिकारी होता. हे लोक नशीब काढायला आलेले होते आणि ज्याचा पगार घेत त्याची चाकरी करीत. 1803 मध्ये इंग्रज-मराठा युद्ध सुरू होताना गव्हर्नर जनरल वेलस्लीने ब्रिटिश प्रजाजनांना मराठ्यांची नोकरी सोडण्याचे आवाहन केले, तेव्हा शिंद्यांकडील अनेक ब्रिटिश अधिकारी कंपनीकडे गेले. होळकरांकडील व्हिकर्स, डॉड आणि रायन यांनी स्वदेशाविरुद्ध लढण्यास नकार दिला आणि 1804 मध्ये त्यांचा शिरच्छेद झाला. फोर्डची नेमणूक या साऱ्यांहून वेगळी होती. तो कंपनीची चाकरी सोडून आलेला नव्हता. कंपनीनेच त्याला पेशव्याकडे दिले होते.

31 डिसेंबर 1802 च्या वसईच्या तहाने कंपनीची तैनाती फौज पेशव्याच्या राज्यात आली. युद्धप्रसंगी 6,000 पायदळ आणि 10,000 घोडदळ उभे करण्याची जबाबदारीही पेशव्यावर पडली. बाजीरावाचा आपल्या जहागीरदारांवर विश्वास नव्हता. 1812 मध्ये जहागीरदारांशी पंढरपूरचा करार झाल्यानंतर, त्यांच्या पथकांवर विसंबण्यापेक्षा थेट आपल्या हुकमतीतील कवायती पायदळ असावे, हा रेसिडेंट माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याचा सल्ला त्याला पटला. इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली पलटणी उभ्या राहिल्या आणि त्यांचे सेनापतिपद फोर्डकडे आले. छावणी पुण्याच्या वायव्येस, मुळा व पवना या नद्यांच्या संगमाजवळ दापोडीला पडली. फोर्डने तेथे मोठा खर्च करून प्रशस्त बंगला आणि बाग उभारली. या फौजेचा खर्च पेशव्याचा, शिस्त इंग्रजी आणि अधिकारी मात्र कंपनीचे, अशी रचना होती. पेशवा आणि कंपनी यांचे सख्य होते तोवर तिच्यातला पेच झाकलेला राहिला.

तो पेच 1815 नंतर उघडा पडू लागला. गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा पंढरपुरात झालेला खून, त्याबद्दल पेशव्याचा विश्वासू त्रिंबकजी डेंगळे याची कैद आणि सप्टेंबर 1816 मध्ये ठाण्याच्या किल्ल्यातून त्याचे पलायन यांमुळे संबंध बिघडत गेले. 13 जून 1817 च्या पुण्याच्या तहाने पेशव्याला आपला मुलूख आणखी तोडून द्यावा लागला. त्याने गुप्तपणे युद्धाची तयारी चालवली आणि सेनापती बापू गोखले यांच्याकडे सूत्रे दिली. कंपनीनेही मुंबईहून कुमक मागवली. त्या काळी मुंबईहून पुण्यास येणारे लष्कर व सामान होडीने खाडीतून पनवेल बंदरात उतरे आणि तेथून बोरघाट चढून देशावर येई.  मुंबईची युरोपियन पलटण 30 ऑक्टोबर 1817 रोजी पुण्यात पोहोचली आणि 1 नोव्हेंबरला इंग्रजांनी आपला तळ गारपिरावरून खडकीला हलवला.

पेशव्याचा मंत्री मोरो दीक्षित मराठे हा फोर्डचा स्नेही होता. ग्रँट डफच्या इतिहासाप्रमाणे त्याने फोर्डला युद्धापासून अलिप्त राहण्याची गळ घातली. फोर्डने ती मानली नाही. मात्र प्रसंग ओढवल्यास एकमेकांच्या कुटुंबाला सांभाळण्याचे वचन दोघांनी दिले.

लढाईच्या दिवशी इंग्रज फौजेचा प्रमुख कर्नल बर खडकीहून पुढे सरकला आणि फोर्ड दापोडीहून आपली पलटण व तोफा घेऊन त्याला मिळण्यासाठी निघाला. दोन्ही दळे एकत्र येण्याआधीच त्यांना तोडावे म्हणून मोरो दीक्षिताने घोडदळासह फोर्डवर चाल केली. फोर्डच्या शिपायांनी फळी मोडू न देता बंदुका व तोफांचा मारा केला आणि दीक्षित तेथेच पडला. आपल्या स्नेह्याच्या तोफांपुढे त्याला मरण आले. पेशव्याच्या बाजूने त्या दिवशी डी पिंटो नावाचा पोर्तुगीज अधिकारी आपली कवायती पलटण घेऊन निष्ठेने लढत होता, हेही लक्षात ठेवले पाहिजे. युरोपीय अधिकारी म्हणजे दगा असे समीकरण मांडणे म्हणूनच चुकीचे ठरेल. फरक होता तो अधिकारी कोणाच्या हुकमाने आला आहे, याचा.

फोर्डला फितूर म्हणणे मराठी वाचकाला स्वाभाविक वाटेल, पण तो पहिल्यापासून कंपनीचाच अधिकारी होता आणि ती गोष्ट लपलेली नव्हती. खरी चूक राजनीतीची होती. परक्या सत्तेच्या अधिकाऱ्यांच्या हाती सैन्य सोपवताना युद्ध त्याच सत्तेशी झाले तर काय, याचा विचार बाजीरावाने केला नाही. खडकीला इंग्रजांचे एकूण बळ सुमारे 2,800 होते. त्यात पेशव्याच्या पैशाने तयार झालेली पलटण समोरच्या बाजूस असणे, ही हानी केवळ संख्येने मोजता येण्यासारखी नाही.

पुढे कोकणातही पेशवाईचे किल्ले भराभर पडले. पनवेलजवळचा कर्नाळा कर्नल प्रॉथरने जानेवारी 1818 मध्ये घेतला. 3 जून 1818 रोजी बाजीराव जॉन माल्कमच्या स्वाधीन झाला. मुंबईचा गव्हर्नर झाल्यावर त्याच माल्कमने फोर्डचा दापोडीचा बंगला गव्हर्नरच्या निवासासाठी सरकारतर्फे विकत घेतला आणि 1828 मध्ये तेथे वनस्पती उद्यान सुरू केले. अलेक्झांडर गिब्सनच्या देखरेखीखाली तेथे काढलेली वनस्पतिचित्रे आज एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये आहेत. गणेशखिंडीत नवे गव्हर्नर निवासस्थान बांधायचे ठरल्यावर 1860 नंतरच्या दशकात सरकारने दापोडीची मालमत्ता विकून टाकली.