टपाखालचं कापड

आमच्या गाडीचं छत पहिल्यांदा खाली आलं ते आईच्या डोक्यावर. ती मागे बसली होती. तिला वाटलं, केसांत काहीतरी पडलं. हात वर केला तर कापड हाताला लागलं. गाडीच्या छताला आतून लावलेलं असतं ते, करड्या रंगाचं, मऊ. मधोमध सुटून त्याची झोळी झाली होती.

दुसऱ्या दिवशी बाबांनी नोटीसबोर्डाला लावतात तशा रंगीत टाचण्यांचं पाकीट आणलं आणि झोळी वर टोचून टाकली. सुरुवातीला सतरा टाचण्या होत्या. दिवाळीपर्यंत एकतीस झाल्या. माझे मित्र गाडीत बसले की वर बघून म्हणायचे, “वा, तारांगण!”

गाडी २००९ची. घेतली तेव्हा मी आठवीत होतो. २०२४मध्ये नोंदणीची पंधरा वर्षं संपत होती. पुढे चालवायची तर आरटीओत गाडी तपासून घेऊन पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवायला लागते. माझं म्हणणं, भंगारात देऊ. बाबांचं म्हणणं, इंजिन अजून उत्तम आहे. बाबा सदुसष्ट वर्षांचे. नवी गाडी आली तर ती माझ्या हप्त्यांवर येणार, म्हणजे किल्लीही माझ्याच खिशात राहणार, हे त्यांना कळत होतं. मलाही कळत होतं. बोलत कुणीच नव्हतं. आम्ही मायलेजवर वाद घालत होतो.

शेवटी तडजोड म्हणून मी म्हटलं, “निदान छत तरी मी नीट करतो.” यूट्यूबवर तीन व्हिडिओ पाहिले, चिकटवायच्या स्प्रेचा डबा आणला, टाचण्या काढल्या, कापडाच्या फटीतून आत फवारलं आणि हाताने दाबत बसलो. नऊ दिवस टिकलं. एप्रिलच्या पहिल्या कडक उन्हात सगळं पुन्हा खाली आलं, आणि आता त्यावर डागही पडले होते.

मग नाना पेठेत गेलो. पुण्यात गाड्यांचं काहीही हवं असलं की माणूस तिथेच जातो. एका बोळात सीटकव्हर आणि ‘रूफ लायनिंग’ करणारे एक चाचा आहेत. त्यांनी लोंबणारं कापड चिमटीत धरलं, मागच्या बाजूने बोट फिरवलं आणि बोट माझ्यासमोर धरलं. बोटावर पिवळसर, चिकट भुकटी होती.

“कपडा चांगलाय,” ते म्हणाले. “वरचा पुठ्ठापण चांगलाय. मधलं मेलंय.”

हे ‘मधलं’ काय आहे आणि ते मुळात तिथे आलं कसं, हे शोधता शोधता मी शंभर वर्षं मागे गेलो.

टप कापडाचाच होता

मोटारगाडी ही बग्गीची लेक. बग्गी बनवणारे सुतार आणि गादीवाले यांनीच सुरुवातीच्या मोटारींचे सांगाडे बनवले. त्यामुळे टपही बग्गीसारखाच असायचा, घडी घालता येणारा, कापडाचा किंवा चामड्याचा. पाऊस आला की वर ओढायचा. पहिल्या महायुद्धानंतरही बहुतेक गाड्या अशाच होत्या. जनरल मोटर्सचे प्रमुख आल्फ्रेड स्लोन यांनी आपल्या आत्मकथनात दिलेले आकडे बोलके आहेत. अमेरिकेत १९१९मध्ये बंद टपाच्या गाड्या जेमतेम १० टक्के होत्या, १९२७मध्ये ८५ टक्के झाल्या. आठ वर्षांत माणसं उघड्यावरून घरात आली म्हणा ना.

पण गंमत अशी, की या ‘बंद’ गाड्यांच्या टपाला मध्ये भोक होतं. दारं पत्र्याची, बाजू पत्र्याच्या, टपाच्या कडाही पत्र्याच्या. मधला मोठा चौकोन मात्र रिकामा. त्यात लाकडी पट्ट्या, त्यावर तारेची जाळी, त्यावर कापसाचा थर आणि सगळ्यात वर पाणी अडवणारं रोगणी कापड. कारण साधं होतं. अख्खा टप एका तुकड्यात दाबून काढता येईल इतका रुंद आणि गुळगुळीत पत्राच कारखान्यांना परवडेल असा मिळत नव्हता. शिवाय सपाट मोठा पत्रा खडबडीत रस्त्यावर ढोलासारखा घुमतो, ती डोकेदुखी वेगळी.

१९२०च्या दशकात पोलाद लाटायची पद्धत बदलली. केंटकी राज्यातल्या ॲशलंड इथे जॉन टायटस या अभियंत्याने रुंद पत्रा सलग लाटणारी गिरणी उभी केली. आधी पत्रा एकेक तुकडा करून, माणसांनी चिमट्यांनी उचलून पुन्हा पुन्हा लाटावा लागे. आता एका टोकाने तापलेली लादी जाई आणि दुसऱ्या टोकाने लांबच लांब पट्टा निघे. त्यातून १९३५च्या मॉडेलांवर जनरल मोटर्सच्या फिशर बॉडी विभागाने ‘टरेट टॉप’ आणला. अख्खा टप एकाच पोलादी पत्र्याचा. कापडाचं वरचं काम संपलं.

नेफा

वरचं काम संपलं, पण आतलं राहिलं. उघडा पत्रा उन्हात तापतो, थंडीत घाम सोडतो आणि आवाज करतो. तो झाकायला आतून अस्तर लागायचंच. ते लावायची रीत कुणाही शिंप्याला लगेच समजेल अशी होती. कापडाच्या उलट्या बाजूला ठरावीक अंतरावर आडवे नेफे शिवायचे. परकराच्या नेफ्यात नाडी ओवतात तशी प्रत्येक नेफ्यात कमानदार पोलादी सळई ओवायची. सळईची दोन टोकं टपाच्या दोन कडांना अडकवायची आणि मग कापड चहूबाजूंनी ताणून कडेला ठोकायचं किंवा खोचायचं. कापड चिकटलेलं नसायचंच, टांगलेलं असायचं. छत आणि कापड यांच्यामध्ये हवा.

हे काम बघायला सोपं आणि करायला अवघड. एका बाजूने जास्त ताण दिला की दुसऱ्या बाजूला सुरकुती पडणार. पण फाटलं तर कुठे फाटलं ते दिसायचं. उसवलं तर शिवता यायचं. आणि अगदीच गेलं तर जुनंच कापड उसवून, त्याच मापाने नवं बेतता यायचं.

आपल्याकडे ही पद्धत बराच काळ टिकली, कारण आपल्याकडे गाड्याच बराच काळ त्याच होत्या. वालचंद हिराचंद यांनी १९४४मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९५०च्या दशकापासून फियाट गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. तीच फियाट ११०० पुढे नाव बदलत ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली आणि विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बनत राहिली. मुंबईची काळी-पिवळी म्हणजे अनेक वर्षं हीच.

काळी-पिवळीत बसून तुम्ही कधी वर बघितलं असेल, तर टॅक्सीवाल्यांनी छतावर काय काय करून ठेवलेलं असतं हे वेगळं सांगायला नको. फुलं, वेली, चौकडी, चमकणारं रेक्झिन. छत हा टॅक्सीचा दिवाणखाना होता. २०१५मध्ये ‘टॅक्सी फॅब्रिक’ नावाच्या उपक्रमात तरुण डिझायनरांनी याच जागेवर, सीटपासून छतापर्यंत, आपली चित्रं छापली. कोल्डप्लेच्या ‘हिम फॉर द वीकेंड’च्या व्हिडिओत त्यातली एक टॅक्सी दिसते. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ला झाली होती. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा, म्हणून ऑक्टोबर २०२३अखेर पद्मिनी टॅक्सी कायद्याने रस्त्यावरून उतरल्या.

चाचा मूळचे मुंबईचे. त्यांच्या उस्तादांनी आयुष्यभर फियाटची छतं शिवली. “तेव्हा सुई होती,” ते म्हणाले, “आता डबा आहे.” डबा म्हणजे सोल्युशनचा.

मधला थर

सुईपासून डब्यापर्यंतचा रस्ता जर्मनीतून जातो. १९३७मध्ये लेव्हरकुझेनच्या प्रयोगशाळेत ओटो बायर आणि सहकाऱ्यांनी पॉलियुरेथेनची रसायनक्रिया शोधली. (कंपनीही बायर आणि हेही बायर, पण संस्थापकांच्या घराण्याशी यांचं नातं नव्हतं.) १९५०च्या दशकात त्यापासून मऊ, लवचीक फोम बनू लागला आणि बघता बघता गाद्या, सोफे, गाड्यांच्या सीट सगळीकडे शिरला.

मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की फोमच्या पातळ चादरीवरून ज्योत फिरवली की तिचा पृष्ठभाग क्षणभर वितळून चिकट होतो आणि तेवढ्यात वर कापड दाबलं की दोन्ही एकजीव होतात. असं फोम-पाठीचं कापड साच्यात दाबलेल्या कडक पुठ्ठ्यासारख्या पाट्यावर चिकटवलं की छताचं अख्खं अस्तर एका तुकड्यात तयार. दिव्याची, आरशाची, हँडलची भोकं आधीच पाडलेली. कारखान्यात फक्त उचलायचं, आत सरकवायचं आणि क्लिपा दाबायच्या. १९७०च्या दशकापासून हळूहळू नेफा आणि सळई गेली आणि हा पाटा आला. वजन कमी, आवाज कमी, वेळ कमी आणि मुख्य म्हणजे ताण ओळखणाऱ्या हातांची गरज कमी. अभियंता म्हणून विचाराल तर उत्तम डिझाइन. मीही असंच केलं असतं.

फक्त एक गोष्ट होती. आता सगळं छत तीन-चार मिलिमीटरच्या फोमवर अवलंबून होतं. आमच्या धंद्यात याला डिपेंडन्सी म्हणतात. कुणालाच न दिसणारी, कुणीच न तपासणारी, आणि ती गेली की वरचं सगळं धड असूनही कोसळणारी.

फोमच्या मुख्य दोन जाती, एस्टर आणि इथर. ज्योतीने चिकटवायला एस्टर जास्त सोयीचा, पण त्याला पाणी सोसत नाही. पहिल्या वर्षाला इंजिनिअरिंग केमिस्ट्रीत आपण घोकलेलं असतं, की आम्ल आणि अल्कोहोल मिळून एस्टर आणि पाणी. ती क्रिया उलटीही जाते. हवेतला दमटपणा एस्टरचे बंध हळूहळू तोडतो, त्यातून आम्ल सुटतं आणि ते आम्ल उरलेले बंध आणखी वेगाने तोडतं. इथर पाण्याला टिकतो, पण प्राणवायू आणि उजेडापुढे हरतो. दोन्हींना उष्णता वेग देते. उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीत पारा साठच्या पुढे सहज जातो आणि टपाचा पत्रा त्याहून तापतो. त्याच्या खालोखाल हा फोम. चार महिने पावसाचा दमटपणा, चार महिने ऊन, असं पंधरा वर्षं.

ट्रेकिंग करणाऱ्यांना हे वेगळ्या रूपात माहीत असेल. तीन-चार वर्षं कपाटात जपून ठेवलेले बूट काढावेत, हरिश्चंद्रगडाच्या अर्ध्या वाटेत तळवा सुटून हातात यावा. वापरलेलेही नसतात. त्या तळव्यात बऱ्याचदा हेच पॉलियुरेथेन असतं. संग्रहालयांनाही हेच दुखणं आहे. इटलीच्या पिएरो जिलार्दी या कलावंताने १९६०च्या दशकात पॉलियुरेथेन फोमचे ‘निसर्ग-गालिचे’ केले होते, त्यात दगडगोटे, भाज्या, फळं हुबेहूब. शेकडो वर्षांपूर्वीची तैलचित्रं सांभाळणाऱ्या लोकांना या साठ वर्षांच्या भोपळ्या-कलिंगडांचा चुरा थांबवणं जड जातं.

माझा स्प्रे नऊ दिवसांत का हरला तेही आता कळलं. गोंद चांगला होता. तो ज्याला चिकटला ती भुकटी होती.

एप्रिलचा रविवार

चाचांनी पाटा काढायचं काम आमच्याकडूनच करून घेतलं. आधी विचारलं, “बाजूला पडद्याची एअरबॅग आहे का?” नव्हती. असती तर आम्हाला हातच लावू दिला नसता. मग सनव्हायजर, हँडल, मधला दिवा, खांबांवरचं प्लास्टिक, एकेक काढत गेलो. पुढच्या सीट पूर्ण मागे पाडल्या आणि पाटा तिरका करून मागच्या दारातून बाहेर काढला. जरा जरी वाकला तरी कायमची घडी पडते, म्हणून एक टोक बाबांनी धरलं, एक मी.

कापड एका झटक्यात सुटलं. उरलेला मेलेला फोम ब्रशने खरवडायला दोन तास गेले. तोंडाला रुमाल बांधूनही घशात ती चव उतरली. मग नवं फोम-पाठीचं कापड. सोल्युशन दोन्ही अंगांना लावायचं, बोटाला चिकटेल पण बोटावर येणार नाही इतकं वाळू द्यायचं, आणि मधल्या रेषेपासून कडेकडे तळहाताने बसवत जायचं. अर्धं धरून ठेवायला माणूस लागतो. बाबा धरून उभे होते. चाचा म्हणत, “साहेब, ढील द्या... आता ताणा... बस.” तो ताण बाबांना माझ्यापेक्षा लवकर कळला.

पाट्यावर जुन्या टाचण्यांची भोकं तशीच होती. चाचांनी ती मोजल्यासारखी बघितली आणि विचारलं, “हे कोणी केलं?”

मी बाबांकडे बघितलं.

“बरोबर केलं,” चाचा म्हणाले. “मधलं मेल्यावर गोंदाने काय होणार? टोचूनच धरायला लागतं. उस्ताद असते तर त्यांनीपण टाकेच घातले असते.”

बाबा काही बोलले नाहीत, पण परतताना ते हे दोनदा आईला फोनवर सांगताना मी ऐकलं.

निघताना त्यांनी विचारलं होतं, “हे किती वर्षं टिकेल?”

“सहा-सात. सावलीत लावली तर जास्त.”

बाबांनी मनात हिशेब केला. पुढच्या महिन्यात गाडी आरटीओत दाखवून आणली. शिक्का पाच वर्षांचा मिळाला. तेव्हा बाबा बहात्तरचे असतील.

“पुरतील,” ते म्हणाले.

गाडी आता सोसायटीच्या मागे जांभळाखाली उभी असते. टपावर बाहेरून जांभळाचे डाग आणि पाखरांची घाण, आतून नवं कोरं कापड. उरलेल्या टाचण्यांचं पाकीट बाबांनी डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलंय. मी काढायला गेलो तर म्हणाले, “असू दे रे.”